तुमच्या ओट्याचं काय करायचं, साडूभाऊ?

साडूभाऊ, तुमच्या दहाव्याला घाटावर भांडण झालं. हातघाईवर आलं नाही, पण आवाज असे चढले की पुलावरून जाणारे लोक गाड्या थांबवून खाली वाकून बघायला लागले. भांडणाचं कारण तुम्हीच. म्हणजे तुमचा ओटा. तुम्ही असतात तर मधोमध मांडी घालून बसला असतात, दोन्हीकडच्यांना चहा सांगितला असतात आणि भांडण आणखी तासभर लांबवलं असतंत. मला त्या दिवशी रडू यायला हवं होतं. पण सारखं मनात येत होतं की हा कार्यक्रम तुम्हाला फार आवडला असता.

काळेवाडीतल्या तुमच्या घरापुढचा तो दगडी ओटा तुमच्या वडिलांनी बांधला तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं. तो कितीही पुढे आला तरी कुणाच्या वाटेत येत नव्हता. पुढे त्या शेताचे अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे तुम्ही पाडलेत आणि लातूर, बीड, जळगावकडून कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांना विकलेत. त्यांनी घरं बांधली, 'तात्या, तात्या' करत तुम्हाला नगरसेवक केलं, आणि तुम्ही त्यांना नळ दिलेत, विजेचे मीटर दिलेत, ड्रेनेज टाकून दिलंत. परवानगी, नकाशा, रस्त्याची रुंदी यांच्याशी तुमचं काही वैर नव्हतं. फक्त ओळख नव्हती. शेताची गल्ली झाली, आणि गल्लीच्या तोंडाशी तुमचा ओटा तसाच पुढे आलेला राहिला.

मी सुनंदाशी लग्न करून तुमचा साडू झालो तेव्हा नुकताच चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो होतो. माझा डिप्लोमा, पण तुम्ही पहिल्या दिवसापासून मला 'इंजिनेर' म्हणालात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला आजवर कळलेलं नाही. क्वालिटीवाल्या माणसाची खोडच वाईट, कुठेही गेला तरी आधी दोष दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी तुमच्या ओट्यावर बसून चकली खाता खाता म्हणालो होतो, "साडूभाऊ, उद्या इथं आग लागली तर बंब कसा येणार?"

"आग लागायच्या आधी चूल पेटायला पायजे का न्हाई?" तुम्ही म्हणालात. "आमी चुलीचं बघतो. तुमी बंबाचं बघा."

"निदान हा ओटा तरी मागे घ्या. तुमचा मागे गेला की बाकीचे आपल्या पायऱ्या आपोआप मागे घेतील."

"आन् मग माणसं बसणार कुठं?"

झालं. त्या दिवशी सुरू झालेलं हे भांडण आपण दर दिवाळीला, दर बारशाला, दर लग्नाला पुढे नेलं. माझं म्हणणं, तुम्ही माणसांना घरं दिलीत पण घराबाहेर पडायला वाट ठेवली नाहीत. तुमचं म्हणणं, वाट ठेवली असती तर त्यांच्या वाट्याला घरच आलं नसतं. आपल्या बायका कंटाळून आत निघून जायच्या. मी तुम्हाला हट्टी म्हणायचो, तुम्ही मला फुटपट्टी म्हणायचात. आणि गंमत म्हणजे निघताना माझ्या गाडीला कोथिंबिरीची नाहीतर मेथीची पिशवी तुम्हीच अडकवायचात.

त्या रविवारीही आपण भांडतच होतो. जेवणं झाली होती. तुम्ही ओट्यावर सतरंजी टाकून लवंडला होतात. मागच्या निवडणुकीत पडल्यापासून ओट्यावरची गर्दी जरा पातळ झाली होती, पण तुम्हाला त्याचं काही नव्हतं. उलट म्हणायचात, आता ज्याला यायचंय तोच येतो. बोलता बोलता तुम्हाला घाम सुटला आणि तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात म्हणून मी घाबरलो, घाम नंतर दिसला.

अँब्युलन्स लवकर आली हो. यायला उशीर झाला असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. पण तुमच्या ओट्याचा कोपरा आणि समोरचा विजेचा खांब यांच्यामध्ये तिचं तोंड अडकलं आणि ती तिथेच कण्हत उभी राहिली. तुमच्या घराचं दार गल्लीच्या आतल्या बाजूला, आणि गाडीचं मागचं दार पलीकडे, रस्त्याच्या बाजूला. तुम्हाला ओट्यावरून उचलून माडीवरच्या खोलीत नेऊन झोपवलं होतं, तिथून खाली आणायचं, बाहेर काढायचं आणि अडकलेल्या गाडीच्या मागच्या दाराशी न्यायचं होतं. गाडीच्या बाजूने माणूस जाईल एवढीही जागा नव्हती. स्ट्रेचर पलीकडेच राहिलं. मग गल्ली धावली. तुमच्याच सतरंजीत घालून तुम्हाला लोकांनी उचललं, शेजारच्या घराच्या पुढच्या दारातून आत आणि मागच्या दारातून बाहेर असं नेलं. एक कोपरा माझ्या हातात होता. घामाने डबडबलेले तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "मागल्या टायमाला पाडलं, आता तरी पाडू नका रे." आणि सतरंजी धरलेली सगळी माणसं रडत रडत हसली.

नंतर डॉक्टर म्हणाले, अटॅकच मोठा होता. ती काही मिनिटं वाचली असती तर फरक पडला असता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. क्वालिटीवाला ना, मला कारण हवं होतं. त्यांच्याकडे नव्हतं.

आयसीयूत मला आत सोडलं तेव्हा मी मनाशी ठरवून आलो होतो. मला तुम्हाला सांगायचं होतं की साडूभाऊ, तुम्ही चुकलात हे माझं मत कायम आहे, आणि तरीही तुम्ही नसतात तर ही एवढी माणसं कुठे गेली असती, हेही मला कळतं. एवढंच. दोन वाक्यं. तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "जेवलात का?" मी "हो" म्हणालो, आणि मग नर्सने मला बाहेर काढलं. ती दोन वाक्यं राहिली ती राहिलीच.

तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या नावाने दोन माणसं फिरायला लागली. एक देवमाणूस आणि एक शहराची वाट लावणारा. पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, 'ज्यांनी गल्ल्या अडवल्या त्यांचीच अँब्युलन्स अडकली.' त्याच्याखाली आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाने, जो स्वतः आता त्याच सोसायटीत भाड्याने राहतो, लिहिलं, 'अडकली, पण उचलायला गल्ली आली. तुमच्या लिफ्टमध्ये कोण येईल?' त्यानंतर ॲडमिनने ग्रुप बंद केला. कंपनीच्या बसमध्ये तेच. पुढच्या सीटवरचे तुम्हाला शिव्या देत होते, मागच्या सीटवरचे हात जोडत होते, आणि दोघंही पुरावा म्हणून तीच अँब्युलन्स आणि तीच सतरंजी सांगत होते. मी तुमचा साडू आहे हे बसमध्ये कुणाला माहीत नव्हतं. मी खिडकीला डोकं लावून झोपल्याचं सोंग केलं. खरं सांगू? दोन्हीकडचं ऐकताना मला दोन्हीकडे मान डोलवावीशी वाटत होती.

मग आक्कांनी, म्हणजे तुमच्या बायकोने, सुनंदाच्या थोरल्या बहिणीने, मला बोलावून घेतलं. तुमचा संतोष, तुमच्या मागे सावलीसारखा फिरणारा तो कार्यकर्ता, पोरं घेऊन त्यांच्याकडे आला होता. ओट्यावर तुमचा अर्धपुतळा बसवायचा, वर छत्री करायची, स्मारक करायचं. तो गेला आणि मागच्या सोसायटीचे चेअरमन आले. त्यांच्या सोसायटीतून बाहेर पडायला तुमच्या गल्लीशिवाय रस्ता नाही. ते फार सभ्यपणे म्हणाले की झालं ते वाईट झालं, पण आता तरी ओटा काढावा. आक्कांनी दोघांनाही चहा दिला आणि "दहाव्याला सांगते" म्हणाल्या.

"प्रकाशराव," त्या मला म्हणाल्या, "घाटावर सगळे ग्वाड बोलतील. तुमी घरातल्या माणसाच्या वतीनं बोला. त्यांच्या तोंडावर खरं बोलणारं तुमीच एकटं होता. मला ह्या दोनी लोकांत जल्म काढायचाय."

मशीनपुढे उभा राहणारा माणूस मी, माइकपुढे कधी उभा राहिलो नाही. पण मनात म्हटलं, ठीक आहे. ओटा पाडा, हेच तर मी लग्न झाल्यापासून म्हणतोय. आता ते एकदा सगळ्यांसमोर म्हणायचं.

घाटावर पोचलो तर कमानीपाशीच तुमचा भला मोठा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो तुमच्या वाढदिवसाचा, गॉगल लावलेला, हात उंचावलेला. आणि खाली ठळक अक्षरांत 'भावी आमदार'. फ्लेक्सवाल्याने वाढदिवसाचीच फाइल काढली होती, केक पुसला आणि हे पुसायचं राहिलं. संतोषला वाटलं विरोधकांनी मुद्दाम केलं. तो फाडायला धावला. आक्कांनी थांबवलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांनी सोता पाह्यला असता तर तसाच ठेवला असता." तुम्ही गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भाषणं तुम्हाला माहीतच आहेत. प्रत्येकाने "दोन शब्द" म्हणून माइक धरला आणि सोडायला तयार नाही. तुमच्या पक्षाचे बोलले, ज्यांनी तुम्हाला पाडलं ते त्याहून जास्त गहिवरून बोलले. पिंडाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग संतोषने स्मारकाची घोषणा करून टाकली, चेअरमन उठून उभे राहिले, कुणीतरी "खाली बसा" ओरडलं, आणि सुरुवातीला सांगितलं ते भांडण सुरू झालं. लातूरच्या एक मावशी पदर खोचून चेअरमनना म्हणाल्या, "बाबा, आमाला कुणी दारात उभं करत नव्हतं, तवा ह्या मानसानं छप्पर दिलं. तुमी लिफ्टनं वर जाताव, तुमाला काय कळणार?" चेअरमन म्हणाले, "आजी, माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. मी रात्र रात्र त्या ओट्याकडे बघत बसतो." दोघंही खोटं बोलत नव्हते. मी माइक घेतला.

आणि साडूभाऊ, माझं सगळं बिनसलं. मी सुरुवात बरोबर केली होती. म्हणालो, मी यांना कायम सांगत आलो की हा ओटा पाडा. आणि तेवढ्यात मला माझी कंपनी बंद पडली ते दिवस आठवले. तेव्हा मी रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसायचो. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत की आता काय करणार. फक्त ओट्यावर जमलेल्या लोकांना म्हणालात, "हे इंजिनेर हायती, कागद ह्यांना दाखवा," आणि लोक आपले पीएफचे फॉर्म, मुलांच्या ॲडमिशनचे अर्ज, कंपनीची इंग्रजी पत्रं माझ्यापुढे सरकवायला लागले. पगार नव्हता. पण सकाळी दाढी करून निघायला एक ठिकाण होतं. नवी नोकरी लागेपर्यंत मी त्या ओट्यावर माणसात राहिलो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. ते मी माइकवरून सगळ्या घाटाला सांगून टाकलं, आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं, "ओटा राहू द्या."

चेअरमन माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचा खिसा कापला होता. संतोष येऊन माझ्या पाया पडला. मी तुमच्या बाजूने बोललो होतो. पहिल्यांदाच, आणि तेही तुम्ही ऐकायला नसताना.

मग आक्का उठल्या. दहाव्याला बायका माइक घेत नाहीत, म्हणून कुणी त्यांना दिलाच नाही. त्यांना गरज पडली नाही.

"प्रकाशराव, तुमचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "त्या ओट्यावर मोप माणसं बसली. त्यांच्या च्याची भांडी मी घासली, तवा माणसं किती ते मला नका सांगू. माझ्या माणसानं लोकास्नी घरं दिली, ते चांगलं केलं. वाट न्हाई ठेवली, ते चुकलं. मी हे त्यांना घरात बोलले हुते, ते म्हनले बघू. आता मी बघते. त्यांना सतरंजीत घालून दुसऱ्याच्या घरातनं न्यावं लागलं, ते मी दारात उभं राहून बघितलंय. उद्या आनिक कुठल्या बाईनं ते बघू नये. पुतळा न्हाई, छत्री न्हाई. ओटा जाणार."

चेअरमननी टाळ्या वाजवल्या. घाटावर, दहाव्याला! त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात तसेच हवेत राहिले. आक्का त्यांच्याकडे वळल्या. "टाळ्या नका वाजवू. तुमच्या सोसायटीची भिंत बी गल्लीत आलीया. ती कवा काढताय?"

आधी लातूरच्या मावशी हसल्या, मग सगळा घाट हसला, मग चेअरमनही. तोवर कावळा कधी शिवून गेला, कुणालाच कळलं नाही. भटजींनी सांगितलं तेव्हा समजलं. तुमचं काही अडलेलं नव्हतं म्हणायचं.

ओटा काढायला जेसीबी आणला तर तो गल्लीत शिरेना. मग संतोषनेच घण उचलला. पहिला घाव घालताना तो लहान मुलासारखा रडला, पण घाव घातला. सोसायटीने भिंतीसाठी बऱ्याच मीटिंगा घेतल्या, तुम्हाला लोकशाही आवडायची तेवढी केली, आणि शेवटी तीही मागे घेतली. समोरच्या दोन-तीन घरांनी पायऱ्या तोडून आत वळवल्या. मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सांगितलं होतं तसंच झालं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या मोकळ्या जागेकडे बघवेना, म्हणून मी काही दिवस तिकडे फिरकलो नाही.

काल कंपनीतून येताना गेलो. संध्याकाळची वेळ. लांबूनच दिसलं की ओट्याच्या जागी माणसं बसलीत. कुणी स्टूल आणलंय, कुणी स्कूटरवरच आडवं बसलंय, लातूरच्या मावशी पाट घेऊन भाजी निवडताहेत, चेअरमन त्यांच्या आईला खुर्ची टाकून शेजारी उभे आहेत. सगळी गल्ली पुन्हा अडलेली. माझं डोकंच फिरलं. एवढा ओटा पाडला तो कशासाठी? मी ओरडणार, एवढ्यात मागून सिलिंडरचा टेम्पो आला आणि त्याने हॉर्न दिला. माणसं उठली. स्टुलं, पाट, खुर्ची उचलून भिंतीला लागली, टेम्पो सरळ आत गेला, आणि माणसं परत येऊन बसली. बोलणं तुटलंसुद्धा नाही.

मी तिथेच उभा राहिलो. तुम्ही विचारायचात, ओटा गेला तर माणसं बसणार कुठं. मी विचारायचो, माणसं बसली तर गाडी जाणार कशी. इतकी वर्षं आपण दोघं घसा फोडत होतो आणि उत्तर एवढंसं होतं, की गाडी आली तर माणसं उठतात. तुम्हाला हे सांगायला हवं होतं, साडूभाऊ. तुम्ही मान्य केलं नसतंत, पण सांगायला मजा आली असती.

मला बघून संतोषने स्टूल पुढे केलं. बसतोय तोवर तुमचाच विषय निघाला. चेअरमन म्हणाले, काही म्हणा, तात्यांनी प्लॅनिंगचा बट्ट्याबोळ केला. मावशी म्हणाल्या, त्यांच्यासारखा मानूस व्हणार न्हाई. मी चेअरमनना सांगितलं तुम्हाला माणसं कळत नाहीत, मावशींना सांगितलं तुम्हाला रस्ते कळत नाहीत, आणि दोघांनी मिळून मला झोडपलं. आक्कांनी चहा पाठवला. या वेळी कप ज्याचे त्याने धुतले.

घरी पोचायला उशीर झाला. सुनंदा ताटं घेऊन बसली होती. "कुठे होतात इतका वेळ?" तिने विचारलं.

"साडूकडे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि भात वाढला.